मुलाखतीआधीचं अभिनंदन
नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की सरांची ती मुलाखत आठवते. आम्हाला गणित शिकवणारे सर आठ वर्षं तासिका तत्त्वावर राबले होते आणि अखेर कायम जागेची जाहिरात निघाली होती. सिरसाळ्याहून मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन निघालो. वाटभर ते आपल्या प्रबंधातल्या हंगेरियन गणितज्ञाबद्दल बोलत होते; शिकवण्या घेऊन जगणाऱ्या त्या माणसाला एका सिद्धतेवर विद्यापीठानं बोलावून प्राध्यापक केलं होतं. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स झळकत होता, ‘गणिताच्या प्राध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि फोटो संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याचा. मुलाखतीला अजून तासभर अवकाश होता. “फाडतो हे,” मी म्हणालो. “राहू दे रे. आलोच हाय तर मुलाखत देऊन येतो,” म्हणत सर आत गेले. मी खिडकीशी उभा राहिलो. सरांनी ती सिद्धता फळ्यावर एकही ओळ न गाळता मांडली. अध्यक्ष म्हणाले, “सर, हंगेरी लई लांब हाय. तुमी तिकडंच बघा की!” सगळे हसले. सरही हसले. त्या हसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आज असल्या भरतीविरुद्ध मी पत्रकं लिहितो. अजूनही तासिका तत्त्वावरच असलेले सर ती घेतात, नीट घडी घालतात आणि न वाचताच खिशात ठेवून पुढच्या तासाला जातात.