राग येईल त्यानं वकीलपत्र घ्यावं

नांदुऱ्याला आमच्या ओसरीवर दर रविवारी दुपारी एका इंग्रज लेखिकेच्या कादंबऱ्यांवरून कडाक्याची भांडणं होत. ती कधीच मरून गेलेली, पण आमच्याकडे तिला नुसतं 'बाई' म्हणत, जणू पलीकडच्या गल्लीत राहते. महाराष्ट्र नुकताच झाला होता. मंडळी तिघंच: स्टेशनात बुकिंग क्लार्क असलेले माझे वडील, हायस्कुलातले इंग्रजीचे मास्तर, आणि कापडदुकानवाले चाचा. मास्तर आधी इंग्रजीत वाचत, मग मराठीत सांगत. मेल धडधडत गेली की तेवढं वाचन थांबायचं. चहा-चिवडा माझ्याकडे, आणि त्या निमित्तानं दाराशी बसून भांडायची मुभाही.

मंडळींचा एक नियम होता. ज्या पात्राचा ज्याला राग येईल, त्यानंच त्याचं वकीलपत्र घ्यायचं. एकदा कादंबरीतल्या एका लोचट पाहुण्यावर चाचा खवळले आणि मग त्यांनाच त्याची तरफदारी करावी लागली. काय घाम फुटला होता बाप्पा! शेवटी म्हणाले, "बिचाऱ्याले घरी कोणी इचारत नसन हो." आम्ही हसून लोळलो. पण त्यानंतर त्या पाहुण्यावर रागावणं कुणालाच जमेना.

त्या उन्हाळ्यात मी मॅट्रिक झाले. मला अकोल्याला कॉलेजात जायचं होतं आणि वडिलांनी शेगावचं स्थळ पाहिलं होतं. स्वतःचं दुकान, मुलगा निर्व्यसनी. शिक्षण मात्र आता पुरे, असं त्या लोकांचं म्हणणं. अशातच एका रविवारी बाईच्या नायिकेनं एका खात्यापित्या घरच्या माणसाला नकार दिला. वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, "शाबास! पोरगी असावी तं अशी!"

माझं डोकंच फिरलं. हातातली किटली खाली ठेवली. "बाबा, मंग मले बी शेगाव नको. मले अकोल्याले शिकाले जायचं हाये."

वडील लालबुंद झाले. "चारचौघात तोंड वर करून बोलून राह्यली? कादंबरी येगळी अन् घर येगळं!"

मास्तरांनी पुस्तकात डोकं घातलं. चाचांनी शांतपणे चष्मा पुसला. "राग आला तुमाले?"

"मंग नाई येणार?"

"तं घ्या पोरीचं वकीलपत्र. कायदा तो कायदा."

वडील तणतणत उठले, पुन्हा बसले. कुरकुरतच सुरुवात केली. "पोरगी हुशार हाये. इंग्रजी तं माह्यापेक्षा बरं हाये तिचं." थांबले. "इथं बसवून आपणच तिले गोडी लावली. अन् आता आपणच पुरे म्हणतो. हे काई बरोबर नाई."

मी तर मनात उड्या मारत होते. तेवढ्यात चाचा माझ्याकडे वळले. "तुले बी आला होता ना बापाचा राग?"

आला होता, चांगला सणसणीत. मी उभी राहिले. वडील मान खाली घालून बसले होते, समोर चहा तसाच निवलेला.

"शेगाव जवळ हाये," मी म्हणाले. "तिथून पोरगी रविवारच्या रविवारी येऊ शकते. बापाले पोरगी जड नाई झाली. ती अकोल्याले गेली तं घरात त्याच्याशी भांडाले कोणी राहणार नाई, म्हणून भेते तो."

वडिलांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "हाव," एवढंच म्हणाले.

जूनमध्ये स्टेशनच्या खिडकीतून त्यांनीच मला अकोल्याचं तिकीट दिलं. हातात घेऊन पाहिलं, तर जाण्यायेण्याचं होतं.