मामाचा बंब आणि नवी विमानं

माझा मामा शहराच्या अग्निशमन दलात बंब चालवायचा. बंब माझ्यापेक्षा वयाने मोठा. त्याचा स्टार्टर मनात आलं तर लागायचा, नाहीतर रुसून बसायचा. म्हणून मामा तो कायम केंद्रामागच्या उतारावर, रस्त्याकडे तोंड करून लावायचा. फोन वाजला की ब्रेक सोडायचा; बंब घरंगळायचा आणि गिअर पडताच धडधडत जागा व्हायचा. मामी म्हणायची, "घरात सवत आहे हे लग्नाआधी सांगायचंत तरी!"

नव्या बंबाची मागणी मामा दर वर्षी करायचा आणि दर वर्षी उत्तर यायचं, यंदा तरतूद नाही.

मामाला विमानांचा राग नव्हता, हे आधीच सांगते. शहराबाहेर हवाई दलाचा तळ आहे. लहानपणी तोच मला तिथल्या कुंपणापाशी घेऊन जायचा. "आवाज येतो तिथे बघू नकोस, त्याच्या पुढे बघ," असं शिकवायचा.

मग त्या तळावर नवी लढाऊ विमानं येणार असं जाहीर झालं. मामाने पेपरातल्या किमतीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"हे सगळ्यांचं मिळून ना?"

"नाही मामा, एकाचं. उडवायचा खर्च वेगळा. दुपारभर उडवायच्या पैशात तुझा एक नवा बंब येईल."

खाली आणखी एक बातमी होती. ज्या देशांनी ही विमानं आधी घेतली होती, त्यांची निम्मी सुट्या भागांची वाट बघत उभी होती.

"म्हणजे माझ्या बंबासारखंच की!" मामा म्हणाला. "फक्त माझा ढकलला तर चालू तरी होतो." आम्ही हसलो. तो हसला नाही.

पहिलं विमान उतरेल तेव्हा दोन्ही बाजूंनी पाण्याची कमान करायची, असं ठरलं. एका बाजूला तळाचा बंब, दुसऱ्या बाजूला शहराचा. त्यासाठी मामाचा बंब रंगवायचा हुकूम आला. मामा केंद्राच्या साहेबांकडे गेला.

"साहेब, रंगाचे पैसे पंपाला द्या. पंप दाब धरत नाही."

"पंप कुणाला दिसतो?" साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. मग खालच्या आवाजात म्हणाले, "रंगाचा पैसा समारंभाच्या खात्यातला आहे, दुसरीकडे वळवता येत नाही. माझ्या हातात काय आहे?"

समारंभाच्या दिवशी मीही गेले होते. विमान आलं, खरंच देखणं होतं. तळाच्या बंबातून पाणी उंच उडालं. मामाच्या बंबाने खोकल्यासारखा आवाज केला आणि पाण्याची धार समोरच्या खुर्च्यांपाशीच पडली. पाहुण्यांचे बूट भिजले, लोक खदखदून हसले. मामा नळी धरून तसाच उभा राहिला.

नवा रंग लोकांना दिसावा म्हणून साहेबांनी बंब केंद्राच्या पुढच्या अंगणात लावायला सांगितला. अंगण सपाट. मामाने परोपरीने सांगून पाहिलं, "इथून चालू नाही झाला तर?" त्याला उत्तर मिळालं, "चार दिवस चालवून घ्या."

त्याच आठवड्यात बाजारातल्या गादीवाल्याच्या दुकानाला आग लागली. भरदुपारची वेळ. मामा स्टार्टर मारतोय, मारतोय, बंब ढिम्म. तो खाली उतरून रस्त्यावर ओरडत सुटला, "हात लावा रे, हात लावा!" शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच धावला, मागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. सगळ्यांनी ढकलून बंब चालू केला. पोहोचेपर्यंत कापसाच्या आगीने सगळं दुकान गिळलं होतं. गादीवाला वाचला, पण शिलाई मशीन ओढून काढताना त्याचे दोन्ही हात भाजले. त्या हातांनी त्याला पुन्हा सुई धरता आली नाही.

चौकशी बसली. उशीर का झाला, असं मामालाच विचारलं. तो म्हणाला, "मी कर भरतो, गादीवाला भरत होता, तुम्हीही भरता. त्यातून आकाशात काय उडतं ते मी बघून आलो. जमिनीवर काय चालतं, ते तुम्ही एकदा ढकलून बघा."

उद्धट बोलल्याबद्दल त्याची पगारवाढ रोखली. पुढच्या वर्षी नवा बंब आला खरा, पण तळावर. विमानं महाग, त्यांना जपायला हवं. तळाचा जुना बंब शहराला मिळाला. त्याचा स्टार्टर लागतो, पण शिडी अर्ध्यात अडकते.

मामा आता निवृत्त आहे. नगरपालिकेच्या सभेत नागरिकांच्या प्रश्नांची वेळ आली की उठतो आणि विचारतो, "बंबाचं काय झालं?" अध्यक्ष म्हणतात, "मामा, नोंद घेतली. बसा आता." मामा बसत नाही. मग ते पुढचा विषय पुकारतात.

परवा मी चिडून म्हटलं, "कशाला जातोस? कोण ऐकतंय?"

"कोणी नाही," मामा चपला घालत म्हणाला. "पण घरात बसून तुझ्या मामीवर ओरडण्यापेक्षा तिथे ओरडलेलं बरं."