पुंडलिकरावांची साक्ष

पुंडलिकराव चहा उभ्यानं पितात. बोलताना हातातला पेचकस खाली ठेवत नाहीत. करंजीच्या प्रत्येक घाण्यातली एक खाऊन पाहतात आणि दरवेळी म्हणतात, नक्की सांगता येत नाही, अजून एक द्या. प्रार्थनेत एकच डोळा मिटतात; दुसरा लायटिंगवर असतो. ‘आमेन’ सगळ्यांच्या आधी म्हणून बाहेर पडतात.

बोरी अरबला त्यांचं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. डिसेंबरात गहू-हरभऱ्याला पाणी सुरू होतं आणि शेताशेतातले पंप जळतात. त्याच महिन्यात नाताळ येतो. चर्चवरची चांदणी, माळा, भोंगा, मंडप, शेजाऱ्यांकडे फराळाची ताटं पोचवणं, सगळं पुंडलिकरावांकडे. विमलताई म्हणतात, येशू जन्मला तेव्हा आमचे हे शिडीवर होते.

यंदा पाळकसाहेबांनी त्यांना साक्ष द्यायला सांगितलं. म्हणजे उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून, नाताळानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं. पुंडलिकराव घाबरले. मी त्यांना इतकं घाबरलेलं विजेचा झटका बसल्यावरही पाहिलं नव्हतं.

“मले काय माईत त्या दिवशी आत काय होते,” ते मला म्हणाले. “मी बाहेरच असतो ना बाप्पा. आता सगळ्यायसमोर खोटं कसं बोलू?”

मी मराठीत एम.ए. केलं आहे. नोकरी नाही, तरी ते मला प्रोफेसर म्हणतात. मी बौद्ध घरातला. पण त्यांच्या आग्रहावरून दोन पानं लिहून दिली. त्यांनी ती दुकानात उभ्यानं वाचली.

“चांगलं हाय,” म्हणाले. “पण त्यात ‘प्रकाश’ हा शब्द भल्ला वेळा आला. एवढा लोड आपल्या मीटरवर निघत नाही.”

मग त्यांनी ठरवलं, साक्ष आपल्याच शब्दांत द्यायची. आणि साक्ष खरी द्यायची, तर गव्हाणही खरी पाहिजे. आजवर बाळ येशू टीव्हीच्या खोक्यात निजत असे. पुंडलिकराव शेजारच्या भावसिंगकडे गेले आणि त्याच्या म्हशीची सागवानी गव्हाण मागितली. दिवाळीला त्याचं ताट येतं, नाताळला यांचं जातं. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. आदल्या संध्याकाळी दोघांनी ती उचलून चर्चमध्ये आणली. पुंडलिकरावांनी ती धुतली, आत यंदाचा नवा कापूस पसरला, वर बाहुला ठेवला. फारच सुंदर दिसत होतं. थोडा शेणाचा वास येत होता, तोही बरोबर वाटला.

सकाळी चर्च भरलं. मी शेवटच्या बाकावर होतो. प्रवचन झालं. पुंडलिकराव नव्या शर्टात समोर उभे राहिले. हातात पेचकस नव्हता, त्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

“माझी साक्ष अशी हाय,” ते म्हणाले.

तेवढ्यात दारात भावसिंगची बायको मोतीबाई येऊन उभी राहिली. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली. थोडं थांबून पाहिलं. मग पुंडलिकरावांना भाऊ म्हणत हळूच विचारलं,

“भिया, तुमचा देव निजून झाला काय? म्हैस कालपासून उपाशी हाय.”

म्हशीला प्लास्टिकच्या टोपल्यात चारा घातला होता. तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं. रात्रभर खाल्लं नाही. सकाळी धार देईना.

पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. बायकांच्या बाजूनं विमलताईंचा आवाज आला, दोन मिनिटांत म्हैस मरत नाही, आधी साक्ष पुरी करा. पुंडलिकरावांनी बाहुल्याकडे पाहिलं, मोतीबाईकडे पाहिलं. मग बाहुला उचलला, कुठे ठेवावा म्हणून चौफेर पाहत आले आणि माझ्या मांडीवर ठेवला. बाहेर भावसिंग उभाच होता. दोघं गव्हाण उचलून चालू लागले.

मला काय करावं कळेना. बाहुल्यासकट मागे गेलो.

गोठ्यात गव्हाण जागेवर बसली. कापूस निघाला, चाऱ्याचं कुटार पडलं. म्हशीनं डोळ्यांपर्यंत तोंड आत खुपसलं. मोतीबाई धार काढायला बसली. आणि पुंडलिकराव दगडावर बसले. मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होतो. चर्चमधून गाणं ऐकू येत होतं.

“प्रोफेसर,” ते म्हणाले, “तवा पोरगं गव्हाणीत ठेवलं. बरोबर?”

मी हो म्हणालो.

“मंग त्या रात्री त्या जनावरानं काय खाल्लं असंन?”

मी एवढी पुस्तकं वाचली. हा प्रश्न कुठे आला नव्हता.

“कायचं खाते,” तेच म्हणाले. “सरकलं असंन बाजूले. आपलं ताट देलं त्यानं. अन् कोनी त्याचं नाव बी घेत नाही.” त्यांनी डोळे पुसले. दोन्ही.

हेच चर्चमध्ये जाऊन सांगा, मी म्हणालो. ते उठले. पण मोतीबाईनं दुधाची बादली हातात दिली, चर्चच्या चहाला. आम्ही पोचलो तेव्हा आशीर्वाद देऊन झाला होता आणि लोक चहासाठी खोळंबले होते. विमलताईंनी माझ्याकडून बाहुला घेतला. पुंडलिकराव दूध तापवायला लागले.

पाळकसाहेब दर रविवारी आठवण करून देतात, तुमची साक्ष राहिली आहे. पुंडलिकराव म्हणतात, सांगतो ना. आणि भोंग्याची वायर पाहायला बाहेर जातात.