नगारा आत्याबाई

आमच्या आत्याबाईने घरातून नुसतं "कोन हाये?" विचारलं, तरी दारात आलेला माणूस बाबा घरात आहेत असं समजून चपला काढायचा. आवाज घरच्या कर्त्या पुरुषाचा, आणि समोर येऊन उभी राही ती ठेंगणी, सावळी बाई, हाताला पीठ लागलेली. बोरी अरबच्या बाजारात तिने वांग्यांचा भाव विचारला की पाठमोरी माणसं वळून बघत. गावाने तिचं नाव 'नगारा' ठेवलं होतं आणि तिला ते ठाऊक होतं. "नगारा देवळात राह्यते बाप्पा," ती म्हणायची, "तुमच्यासारखा उकिरड्यावर नाई."

१९५६ साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि त्याच हिवाळ्यात आत्याबाई सासरहून माहेरी आली. जिल्ह्याची चर्चा गावात चार दिवसांत संपली, आत्याबाईची वर्षानुवर्षं चालली. मी तेव्हा अगदी लहान होते. काय घडलं ते आजीच्या आणि तिच्या स्वतःच्या तोंडून पुढे तुकड्यातुकड्यांनी ऐकलं.

पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर आजीने तिला तोंडच उघडू दिलं नव्हतं. नाव विचारलं तर शेजारी बसलेल्या मावसबहिणीने सांगितलं, आणि "आमची पोरगी लय लाजाळू," म्हणून आजीने वेळ मारून नेली. लग्नात मात्र उखाणा घ्यायची पाळी आली. तिने नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा मांडव आधी गप्प झाला आणि मग हसला. नवरा हसला नाही, हे ती दर वेळी आवर्जून सांगायची. सासूने घरात पाऊल टाकताच बजावलं, "चार लोकांत आवाज काढाचा नाई." आत्याबाईने ते पाळलं. काही विचारलं तर मान हलवायची, कोणाला बोलवायचं तर बांगड्या वाजवायची.

मग एके दिवशी नणंदेला पाहायला पाहुणे आले. पुढे बैठकीत चहा चालला होता आणि मागच्या अंगणात आत्याबाई तूर वाळत घालत होती. तेवढ्यात थोरल्या जावेचं नुकतंच चालायला लागलेलं पोर बिनकठड्याच्या विहिरीकडे निघालं. धावून त्याला गाठणं शक्य नव्हतं. ती ओरडली. पोर दचकून होतं तिथेच बसलं आणि त्याने भोकाड पसरलं. बैठकीतले पाहुणे उठून उभे राहिले. "मागं तं बायाच हायेत म्हनता, मंग हा गडी कोन?" तो सुनेचा आवाज आहे असं कळल्यावर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चहा तसाच ठेवून निघाले. सोयरीक मोडली. दुसऱ्या दिवशी सासऱ्याने तिला माहेरी धाडायला बैलबंडी जुंपली. नवरा बंडीमागे वेशीपर्यंत चालत आला आणि तिथून परत गेला.

आमच्याकडे तिने वावर राखायचं काम मागून घेतलं. हरभरा घाट्यावर आला की वानरांची टोळी उतरायची. बायापोरांच्या ओरडण्याला वानर भीक घालत नाहीत. आत्याबाईने मात्र मचाणावरून एकदा "हाऽऽ" केलं की टोळी पार नाल्यापलीकडे जायची. तिथे ती दिवसभर मोठ्याने बोलायची, बैलांशी, बाभळीशी, माझ्याशी. बोलता बोलता रस्त्यावर बंडी दिसली की उठून उभी राहायची. सासरचं कोणी न्यायला येईल अशी तिची आशा शेवटपर्यंत सुटली नाही. आणि घरी पाहुणे आले की पुन्हा मान हलवणं सुरू. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पुढे दारव्ह्याच्या शाळेत सरांनी मुलांचा आवाज वयात येताना का फुटतो ते शिकवलं. नरांची आपसांत झुंज असते. ज्याचा आवाज जाड तो मोठा वाटतो, समोरचा न लढताच मागे सरतो, माद्याही त्यालाच पसंत करतात. असं हजारो पिढ्या चालत आलं आणि पुरुषांचा आवाज खाली उतरत गेला, असं काही शास्त्रज्ञ मानतात. मी ते सगळं मचाणावर जाऊन आत्याबाईला सांगितलं. समोर बाभळीवर टोळीतला थोरला नर, हुप्प्या, बसला होता. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "म्हंजे हा आवाज भांडाले देल्ला. मी तं कोनाशी भांडली नाई वं. मंग मले कायले देल्ला?"

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "एखादी बाई उंच असते ना, तसा एखादीचा आवाज खालचा असतो. त्यात वावगं काही नाही." मी ते तिला येऊन सांगितलं.

"हे माह्या सासूले कोनी सांगाले पाह्यजे होतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "थे लेकरू आता केवढं झालं असन वं?"

साठचं दशक सरता सरता, ऐन हिवाळ्यात, ती छाती भरून आजारी पडली. घसा पार बसला. सगळ्यांना हवा होता तसा बारीक आवाज तिला शेवटच्या दिवसांत मिळाला. त्या आवाजात तिने मला विचारलं, "वावरात कोन हाये?"

तिच्या तेरवीला बंडीतून एक मुलगा एकटाच उतरला. मिसरूड नुकतंच फुटत होतं. "मी थो विहिरीवरचा," तो म्हणाला आणि त्याचा आवाज मधेच फाटला, अर्धा पोराचा, अर्धा माणसाचा. घरी त्याला कोणी कधी काही सांगितलं नव्हतं. ती गेल्याचा निरोप पोचला, तेव्हा काकाने, म्हणजे आत्याबाईच्या नवऱ्याने, रडत सांगितलं.

"काकूचा आवाज कसा होता?" त्याने मला विचारलं. "मले काईच आठवत नाई."

मी घसा खाली ओढून तसा आवाज काढून पाहिला. रडू आलं, आवाज आला नाही. शेवटी त्याला वावरात घेऊन गेले. मचाण रिकामं होतं आणि हरभऱ्यात वानरांची टोळी पिल्लं घेऊन खुशाल बसली होती. मी जीव खाऊन ओरडले. एकानेही मान वर केली नाही.

"आत्याबाई असती नं," मी त्याला म्हणाले, "तं हे इथं बसले नसते."