दोनशे दहातला एक

चावीमावशी कुलपाला कान लावते, कुलूप तिच्याशी बोलतं, आणि म्हणूनच ती तीन वर्षं आत होती, असं गल्लीत छातीठोकपणे सांगतात. साफ खोटं. एक तर ती कधी आत गेलेली नाही. दुसरं म्हणजे, कुलूप सोडा, तिला शेजारचा भोंगाही धड ऐकू येत नाही. "काय? तोंडातल्या तोंडात नको पुटपुटू!" हे तिचं दिवसातून चाळीस वेळा. मावशी ऐकत नाही, मोजते.

त्या दुपारी दवाखान्याचा कंपाउंडर अनवाणी धावत तिच्या टपरीवर आला. त्याची आई ऑक्सिजनवर होती आणि सिलिंडरमध्ये पंचवीस मिनिटांपुरताच उरला होता. भरलेले सिलिंडर मागच्या खोलीत, खोलीला लोखंडी दार, दाराला बटणांचं कुलूप. नर्सबाई सकाळीच चार आकड्यांचा नवा कोड लावून प्रवासाला निघाल्या होत्या. फोन लागत नव्हता. ॲम्ब्युलन्स तासभर लांब.

"कटर लावू का, मावशी?"

"लाव! आत ऑक्सिजन, बाहेर ठिणग्या. सगळ्यांचंच काम एकदम होईल."

दारापाशी पोचेपर्यंत तीन मिनिटं गेली. शून्य ते नऊ, दहा बटणं. कंपाउंडर रडकुंडीला आला. "पहिल्याला दहा, मग नऊ, आठ, सात... पाच हजार चाळीस! एकेकाला पाच सेकंद धरले तरी सात तास!"

"क्रम कशाला धरतोस? या कुलपाला क्रम कळत नाही. कुठली चार बटणं आत गेली, एवढंच कळतं. आधी दोन दाब नाहीतर नऊ, त्याला सोयरसुतक नाही. तीच चार बटणं तू चोवीस तऱ्हांनी मोजलीस. भाग चोवीसनं."

"दोनशे दहा?"

"साडेसतरा मिनिटं. आकडे चढतेच सांग, मागं वळायचं नाही. आणि मोठ्यानं!"

"शून्य, एक, दोन, तीन!" तो ओरडला. मावशीनं बटणं दाबली, मूठ फिरवली. ढिम्म. तिनं डाव्या हातानं दारावर खडूची रेघ ओढली. शून्यानं सुरू होणाऱ्यांची एक ओळ, एकानं सुरू होणाऱ्यांची दुसरी. खट, खट, खट, खट, मूठ, रेघ. तिचं मनगट भरून आलं. आईपाशी बसलेली कंपाउंडरची बायको पलीकडच्या खोलीतून सिलिंडरच्या काट्याची खबर देत होती. "अर्ध्याच्या खाली गेला हो!" थोड्या वेळानं, "लाल पट्ट्याला टेकला!" त्यावर कंपाउंडरनं मान वळवली, घाम पुसला आणि पुढचा आकडा ओरडला.

"सहा, सात, आठ, नऊ!"

मूठ फिरली नाही. पुढे आकडेच नव्हते.

कंपाउंडर दारावर डोकं टेकून मटकन बसला. "कुलूपच बिघडलंय. आई गेली माझी."

"ऊठ. रेघा मोज."

"मावशी, आता रेघा मोजत बसू?"

तिनं स्वतःच मोजल्या. शून्याच्या चौऱ्याऐंशी, बरोबर. एकाच्या छप्पन्न. दोनाच्या पस्तीस. तिनाच्या एकोणीस. तिचं बोट थांबलं. तीन धरला की वर सहा आकडे उरतात, त्यातले तीन निवडायचे: वीस हवेत.

"काट्याकडे बघताना एक गिळलास तू. तिनाची ओळ पुन्हा. बघ माझ्याकडे!"

"तीन, चार, पाच, सहा!" नाही. "तीन, चार, पाच, सात!" नाही. पलीकडून बायकोचा आवाज येईनासा झाला होता. ते जास्त वाईट होतं. चौदावा, पंधरावा. "तीन, पाच, आठ, नऊ!"

मूठ लोण्यासारखी फिरली.

नवा सिलिंडर जोडल्यावर दहा मिनिटांनी आईंनी मास्क बाजूला केला. "मघापासून कोण एवढ्यानं पाढे म्हणत होतं? झोपू देत नाहीत मेले."

क्रम न लागणारं कुलूप असतं, यावर हे लिहिणारीचा काडीचा विश्वास नव्हता. पैज लावली: हरले तर महिनाभर मावशीची नक्कल बंद. मावशीनं टपरीतलं तसलंच कुलूप पुढे सरकवलं, कोड सांगितला आणि म्हणाली, "उलटा दाब."

उघडलं.

महिन्यातले सव्वीस दिवस अजून बाकी आहेत. लिहिण्यावर बंदी घालायचं तिला सुचलं नाही.