नेट कोण ओढतंय?

माझ्या मुलीच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मी बनियनवर दिसलो, ही गोष्ट खरी आहे. त्यात माझी काही चूक नव्हती, हे मी आजही कोणालाही तोंडावर सांगायला तयार आहे. (घरात कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितोय.)

आम्ही इंदूरला लागून राऊमध्ये राहतो. मी, बायको शैला आणि मुलगी मुक्ता. गेल्या वर्षी मी बँकेतून रिटायर झालो आणि घरात शंभरच्या स्पीडचं नेट घेतलं. शंभर म्हणजे शंभर, अशी माझी साधी समजूत! पण मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की सकाळी नव्वद, दुपारी साठ आणि संध्याकाळी आठ वाजता अकरा! दुधात कोणी एवढं पाणी घातलं असतं तर मी अख्खी गल्ली गोळा केली असती.

कस्टमर केअरला फोन लावला.

“सर, प्लान में ‘अप टू हंड्रेड’ लिखा है,” पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली.

“मतलब?”

“मतलब सौ तक जा सकता है, सर.”

“जा तो मैं भी सकता हूँ मैडम, एवरेस्ट तक! जाता हूँ क्या?”

शैला स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, संध्याकाळी सगळी कॉलनी घरी येते आणि एकदमच मोबाइल घेऊन बसते. नर्मदेचं पाणी येतं तेव्हा सगळ्यांनी नळ उघडले की आपली धार बारीक होते ना? तसंच असेल.”

“आणि कोणी लाइनला मोटर लावून ओढत असेल तर?” मी म्हटलं. “मी सोडणार नाही त्याला!”

त्या दिवसापासून मी पुरावा गोळा करायला लागलो. चहाआधी टेस्ट, चहानंतर टेस्ट, आंघोळीला जाताना एक. आकड्यांचे फोटो इतके साठले की मोबाइलने नातेवाइकांचे फोटो ठेवायला नकार दिला. (त्याचं मला फारसं दुःख नाही.)

“बाबा, ती टेस्ट स्वतःच किती—” मुक्ता एकदा सांगायला लागली.

“तू कॉलेजात शिकलीस, मी भोगतोय,” मी म्हणालो. विषय संपला.

मुक्ताने कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग केलंय. तिचा आधीचा एक इंटरव्ह्यू ऐन मोक्याला अडकला होता. समोरच्यांना वीस मिनिटं तिचा अर्धे डोळे मिटलेला चेहरा दिसत राहिला, आणि नोकरी गेली. दोन दिवस पोरीने पोहे अर्धे टाकले. इंदूरच्या माणसाने पोहे टाकणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही.

म्हणून बेंगळुरूच्या कंपनीचा इंटरव्ह्यू ठरला तेव्हा ती म्हणाली, “बाबा, मी मैत्रिणीकडे बसून देते.”

“स्वतःचं घर सोडून? मुळीच नाही! नेटपुढे आपण झुकायचं नाही. स्पीडची जिम्मेदारी माझी!”

गुरुवारी सकाळी अकराचा इंटरव्ह्यू. मी नऊपासून कामाला लागलो. राउटर उंचावर ठेवावा असं ऐकलं होतं, म्हणून हॉलमधून उचलून फ्रिजवर नेला, मायक्रोवेव्हच्या शेजारी. घरात त्याहून उंच जागा नव्हती! मुक्ताची खोली आणि फ्रिज यांच्यामध्ये दोन भिंती आल्या, पण उंची ती उंची. टीव्ही बंद केला. आवाज नको म्हणून कूलरही बंद केला. मे महिना होता. दहा मिनिटांत शर्ट अंगाला चिकटला, तो मी काढून ठेवला.

अकरा वाजता मुक्ताने दार लोटून घेतलं. मी बाहेर पहाऱ्यावर बसलो. माझा मोबाइल, शैलाचा मोबाइल आणि जुना टॅबलेट, असे तिन्ही समोर मांडले आणि तिन्हींवर एकदम टेस्ट लावली.

तीस! तीस! एकोणतीस!

“पाहिलंस?” मी शैलाला म्हटलं. “आज मुलीचा इंटरव्ह्यू आहे तर मुद्दाम कमी केलाय!”

आतून मुक्ताचा आवाज आला, “सॉरी मॅम, प्लीज रिपीट...”

माझं रक्त उसळलं. पुन्हा तिन्हींवर टेस्ट. आत पुन्हा “सॉरी मॅम”. आकडे जसे घसरले तसा मी टेस्टचा वेग वाढवला. अन्यायापुढे गप्प बसणारा मी नव्हे! तेवढ्यात शैलाने सवयीने दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला.

“मॅम? मॅम? हॅलो?” मुक्ताचा आवाज रडवेला झाला.

मग मात्र मला राहवलं नाही. एक्स्टेन्शन बोर्डासकट राउटर उचलला, वायर ओढत नेली, कोपराने दार ढकललं आणि राउटर दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मुक्ताच्या मागे उभा राहिलो.

चित्र एकदम काचेसारखं स्वच्छ झालं. (दोन्ही हात अडकल्यामुळे टेस्ट थांबली होती, पण हा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात!) स्क्रीनवर बेंगळुरूच्या वसुधा मॅडम आणि आणखी दोघं जण होते. त्यांच्यासमोर मुक्ता, आणि मुक्ताच्या मागे मी. बनियनवर.

“आप कौन?” मॅडमनी विचारलं.

“फादर हूँ, मैडम! आप इंटरव्यू लीजिए, मैं पकड़ के खड़ा हूँ.”

मुक्ताने डोळे मिटून घेतले.

“सर, बाहर से आवाज़ आ रही थी, आप क्या कर रहे थे?”

“सबूत जमा कर रहा था! तीन-तीन डिवाइस पे टेस्ट चल रही है, मैडम. कोई हमारा नेट खींच रहा है!”

मॅडमनी आधी माझ्या डोक्यावरच्या राउटरकडे पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाल्या, “मुक्ता, नोकरी नेटवर्कची आहे. मग सांग, या घरातला स्पीड वर-खाली का होतोय?”

मुक्ताने डोळे उघडले. ताठ बसली. पहिल्यांदाच तिचा आवाज स्थिर झाला. राउटर दोन भिंतींमागे गेला, म्हणाली. मायक्रोवेव्हच्या लहरी वायफायच्या आड येतात. संध्याकाळी सगळी कॉलनी एकच लाइन वाटून घेते. कधी आपण उघडतो त्या वेबसाइटचं मशीनच मंद असतं. “आणि मॅम, स्पीड टेस्ट लाइन जेवढी देईल तेवढी सगळी ओढून बघते. तीन टेस्ट एकदम लावल्या तर तिन्हींना तीस-तीस मिळतात आणि माझ्या वाट्याला काही उरत नाही. मोटर बाबांनीच लावलीय.”

पलीकडे तिघंही हसले. मी हसलो नाही. माझे हात भरून आले होते.

चार दिवसांनी मेल आला. मुक्ताला नोकरी लागली होती! शैलाने सकाळीच जिलेबी मागवली, मुक्ताने पोह्यांच्या दोन प्लेट संपवल्या. मी म्हटलं, “माझ्यामुळे लागली.” कोणी मान्य केलं नाही.

तेवढ्यात शेजारचे जैन भिया (इंदुरात भैयाचं भिया होतं) अभिनंदन करायला आले. जिलेबी उचलत म्हणाले, “भिया, मेरा नेट भी शाम को रेंगता है. ज़रा कोई देख लेता...”

मी ताडकन उठलो. “चलो, मैं आता हूँ!”

“बसा!” शैला आणि मुक्ता एकदम ओरडल्या.

“हाँ हाँ, आप बैठो भिया,” जैन भिया घाईघाईने म्हणाले. “बिटिया आ जाएगी.”

मी बसलो. पण मी माघार घेतली असं कोणी समजू नये. मी आजही तितकाच ठाम आहे. फक्त बसून!