शिंगराच्या दिशेने

घोड्यांच्या शर्यतीचा विषय निघाला की मी अजून उठून बाहेर जातो. हे थोडे जास्त वाटेल, पण बसवत नाही.

मी पुण्याला कॉलेजात होतो. आमच्या घरातून तिथवर पोचलेला पहिलाच. सुट्टीत शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावी आलो, तेव्हा चैत्राची जत्रा तोंडावर होती. जत्रेत गावापासून नदीपर्यंत घोडी पळवत. ज्याला एखाद्या घोडीवर पैज लावायची त्याने आपले जनावर देवळापुढच्या लिंबाला बांधायचे. पाटलाने दाव्याला गाठ मारली की माघार नाही. हरला तर जनावर समोरच्याचे.

माझ्या चुलत्यांची, नानांची, एक तांबडी घोडी होती. मागच्या जत्रेत ती सगळ्यांच्या मागे राहिली होती, म्हणून तिच्यावर कोणी जनावर बांधेना. नाना म्हणत, "मांगला साले ती गाभण व्हती. आते मोकळी शे. पोऱ्याले घडी धरू द्या, मंग बोला."

माझ्या घड्याळाला सेकंदाचा काटा होता. वसतिगृहातली मुले इंग्रजी वर्तमानपत्रातून घोड्यांच्या सकाळच्या दौडीच्या वेळा वाचत आणि त्यावरून अंदाज बांधत. त्यामुळे मला हे वावगे वाटले नाही. उलट, थोडे शास्त्रीयच वाटले. नानांनी ठरवल्याप्रमाणे रोज पहाटे नदीकडून गावाकडे, बाभळीच्या रांगेपर्यंत, एकेक घोडी सुटे. मी बाभळीपाशी उभा राही. नानांच्या घोडीची वेळ सगळ्यांत कमी भरे.

"कालेजनी घडी शे, भाऊ!" एक जण ओरडला. "घोडीले बी इंग्रजी येवाले लागनं!"

माझे वडील, आबा, कधी पैजेच्या वाटेला जात नसत. पण एका संध्याकाळी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारले, "तू सांगस ना, ती पयस म्हनीसन? मंग हाऊ पांढरा बांधस."

जोडीतला एक गेला तर पेरणी कशी होणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मी म्हणालो, वेळ खरी आहे.

जत्रेच्या आदल्या पहाटे मला बाभळीमागून बारीक खिंकाळी ऐकू आली. मागे जाऊन पाहिले. नानांच्या घोडीचे शिंगरू खुंट्याला आखडून बांधलेले. तोंडाला सुतळीचे मुस्के. कुशी आत गेलेल्या. रात्रभर दूध तोडलेले होते. तेवढ्यात घोडी माणसांना ढकलत तिथेच आली. तिच्या मागच्या पायांवरून दूध ओघळत होते. ती शर्यत पळतच नव्हती. पोराकडे येत होती. आणि जत्रेत तर तिला उलट्या दिशेने पळायचे होते!

मी नानांना गाठले. "समोरच्या बाजूने पैज घेणारा तुमचा मेव्हणाच आहे ना? म्हणजे घोडी हरली की सगळ्यांची जनावरे तुमच्याच घरात!"

तोंडात तंबाखू घोळवत ते हसले. "तुन्ही घडीनी जे दाखाडं तेच तू सांगं. खोटं कोठे शे?" आणि माझी पाठ थोपटली. त्या हाताला घोडीच्या घामाचा आणि आंबलेल्या दुधाचा वास येत होता. सदरा मी विहिरीवर जाऊन दोनदा धुतला. आबांपुढे मात्र चुलत्याविरुद्ध तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी पाटलाने पांढऱ्याचे दावे हातात घेतले, तेव्हा मात्र राहवले नाही. "आबा, गाठ मारू देऊ नका," म्हणालो आणि सगळे सांगून टाकले.

लोक चिडले, पण माझ्यावर. "चुलताले चोर म्हनस? हाईच शिकाडतस का कालेजमा?"

आबांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. नानांना एवढेच विचारले, "भाऊ, शिंगरू कोठे शे?"

नाना थुंकले. आबांनी पाटलाच्या हातातून दावे काढून घेतले आणि बैल घेऊन चालू लागले.

बाकीच्यांनी जनावरे बांधलीच. घोडी निम्म्यात थांबली, मान वळवली आणि गावाकडे तोंड करून उभी राहिली. नानांचा माणूस तिला चाबकाने मारत होता, तिचे दूध गळत होते, आणि लोक हसत होते. मग हरलेले हसायचे थांबले आणि माझ्याकडे वळले. वेळ मीच सांगितली होती ना!

मी तिथून निघालो. नानांच्या गोठ्यात आबा उकिडवे बसून विळ्याने शिंगराचे मुस्के कापत होते. दाराशी पांढरा उभा होता. सुतळी तुटली तसे त्यांनी शिंगराचे तोंड चोळले.

"घोडी सोडीसन आन," ते म्हणाले. "कोनी अडावं तर मना नाव सांग."

घड्याळ मी सदऱ्याच्या आत खोल सारले आणि नदीकडे निघालो.